आमदारांकडे गावाचं काम नेताना: ठरावापासून कार्यारंभ आदेशापर्यंत

शनिवारी सकाळी कुठल्याही आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाबाहेर जरा वेळ थांबून बघा. एका गावचे बारा-पंधराजण गाडीतून उतरतात. हार, शाल, श्रीफळ. लेटरहेडवर अकरा मागण्या: रस्ता, सभामंडप, हायमास्ट, व्यायामशाळा, स्मशानभूमी, ट्रान्सफॉर्मर... फोटो होतो. "साहेब, एवढं बघाच." "बघतो, करून टाकू." पत्र स्वीय सहायकाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात जातं, मंडळी हडपसरला मिसळ खाऊन गावी परततात आणि पुढच्या वर्षी तीच अकरा कामं पुन्हा टाईप होतात.

मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होतो, त्यातली अडीच वर्षं उपसरपंच. आता ओळखीच्या पंचायतींना प्रस्ताव लावायला मदत करतो. कामं अडतात ती बहुतेक वेळा आमदारांच्या इच्छेअभावी अडत नाहीत. पत्र पुढे पाठवल्यावर खालून "जागेचा उतारा नाही", "अंदाजपत्रक नाही", "रस्ता नोंदीत नाही" असा शेरा येतो आणि निधी शेजारच्या गावाला जातो, कारण त्यांचे कागद तयार असतात. म्हणून पुढच्या दहा टप्प्यांत भेट सातव्या क्रमांकावर आहे.

## १. काम कुणाच्या अखत्यारीत आणि तुमचे आमदार कोण?

दुसरा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण पुणे जिल्ह्यात तो पडतो. पंचायत समित्यांचे तालुके तेरा आणि विधानसभेचे मतदारसंघ एकवीस, त्यामुळे हद्दी जुळत नाहीत. मुळशी आणि राजगड (जुना वेल्हे) हे तालुके भोर मतदारसंघात आहेत. शिरूर तालुक्यातली काही गावं आंबेगाव मतदारसंघात जातात. हवेलीची तर वाटणीच झाली आहे. तहसील कचेरी एका गावी आणि आमदार दुसऱ्या टोकाला, असं असेल तर पत्रावर तालुका आणि मतदारसंघ दोन्ही लिहा.

मग काम कुणाचं ते बघा. रस्त्याचंच घ्या, कारण निम्म्या मागण्या रस्त्याच्या असतात:

- ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग: जिल्हा परिषद.
- प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग: सार्वजनिक बांधकाम विभाग.
- राष्ट्रीय महामार्ग: केंद्राचा विषय. इथे आमदारांइतकंच खासदारांकडे जावं लागतं.
- गावठाणातली अंतर्गत गल्ली: ग्रामपंचायतीची स्वतःची.
- पाणंद, शिवरस्ता: आधी तहसीलदार. अतिक्रमण निघाल्याशिवाय कुणाचाही निधी उपयोगाचा नाही.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्याचे पुण्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आहेत. आपला तालुका कुठे येतो हे उपअभियंत्यांच्या कार्यालयात विचारून ठेवा, नाहीतर पहिलं पत्रच चुकीच्या टेबलावर पडतं.

तपासा: रस्त्याला क्रमांक आहे का? 'ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) अमुक' किंवा 'इजिमा (इतर जिल्हा मार्ग) तमुक' असा क्रमांक पत्रात असला की खालचा अभियंता लगेच ओळखतो. 'मारुती मंदिर ते जगतापांची वस्ती' एवढंच लिहिलंत, तर तो फोन करून विचारेलच असं नाही.

सावधान: २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची पुढे वेगळी नगरपरिषद झाली. हद्दीवरच्या गावांनी आपली वस्ती आज कुणाच्या हद्दीत आहे ते आधी ठरवावं. जुन्या पंचायतीच्या ठरावावर महापालिका हद्दीतलं काम होत नाही.

## २. एक काम निवडा आणि त्याचं लेखाशीर्ष शोधा

अकरा कामांची यादी दिली की निवड स्वीय सहायक करतो. एक काम आणि एक राखीव काम दिलं तर निवड तुमची राहते. मासिक सभेत यावरून भांडण होणारच, ते गावातच होऊ द्या.

निवडलेलं काम कुठल्या पैशातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्यातून (लेखाशीर्षातून) होईल, हे सांगता यायला हवं. 'आमदार फंड' हा शब्द लोक सगळ्यालाच वापरतात, पण आमदारांच्या हातून येणारे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

आमदार स्थानिक विकास कार्यक्रम हा खरा आमदार फंड. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो वर्षाला पाच कोटी झाला. ऐकायला मोठा वाटतो, पण शंभर-दीडशे गावं-वाड्यांत वाटून बघा. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि कागद जिल्हा नियोजन कार्यालयातून फिरतात. यातून सार्वजनिक, टिकाऊ मालमत्ता उभी राहायला हवी. खाजगी जागेवर किंवा नुसत्या डागडुजीसाठी हा पैसा मागायला जाऊ नका.

'पंचवीस-पंधरा', म्हणजे २५१५ हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधा यात येतात: अंतर्गत रस्ते, गटार, सभामंडप वगैरे. मंजूर कामांची यादी शासन निर्णयासोबत निघते. इथली मोठी गोम आठव्या टप्प्यात सांगतो.

जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालयासाठी जनसुविधा, मोठ्या गावांसाठी नागरी सुविधा, रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं, शिवाय शाळाखोल्या, अंगणवाड्या, साकव. आमदारांचं शिफारसपत्र इथे उपयोगी पडतं, पण प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागातूनच वर जायला हवा.

खास वस्त्यांसाठी वेगळे पैसे आहेत आणि ते मागायचं लोक विसरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी समाजकल्याण विभाग, आदिवासी वाड्यांसाठी ठक्करबाप्पा योजना (आंबेगाव-जुन्नरकडच्या गावांना घोडेगावचं प्रकल्प कार्यालय माहीतच असतं), पश्चिम पट्ट्यातल्या गावांसाठी डोंगरी विकास कार्यक्रम. पाणंदीसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना.

तपासा: हे काम वित्त आयोगाच्या निधीतून आपलं आपण करता येतं का? एका गल्लीच्या गटारासाठी आमदारांकडे जाणं म्हणजे आपला हक्काचा निधी पडून ठेवून दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. साहेबांचा पहिला प्रश्नही हाच असतो: "पंचायतीचे पैसे कुठे गेले?" शिल्लक किती आणि आराखड्यात काय धरलंय, हे तोंडपाठ असू द्या.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासक होता. जिल्हा परिषद गटाचे आणि पंचायत समिती गणाचे सदस्यच नव्हते, म्हणून साध्या साध्या कामांसाठीही सगळे थेट आमदारांकडे जाऊ लागले. ती सवय मोडायला हवी. पंचायत समितीच्या पातळीवर होणारं काम तिथेच न्या आणि आमदारांकडचा तुमचा वेळ मोठ्या कामासाठी राखा.

## ३. ठराव: पाच ओळींत सगळं

चुकीचा ठराव सगळ्यात उशिरा लक्षात येतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. "गावातील विविध विकासकामांसाठी मा. आमदार महोदयांकडे निधीची मागणी करण्यात यावी, सर्वानुमते मंजूर" असे ठराव मी पोत्यानं पाहिलेत. त्यांचा उपयोग शून्य.

ठरावात या गोष्टी हव्यातच: कामाचं नेमकं नाव, सुरुवात आणि शेवट, लांबी, जागेचा गट नंबर किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला (रस्त्यासाठी नमुना नं. २३) क्रमांक, योजनेचं नाव, काम पूर्वी दुसऱ्या योजनेतून झालेलं किंवा मंजूर नाही हा उल्लेख, आणि देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल ही हमी. नमुना असा:

"मौजे ______, ता. ______ येथील ग्रा.मा. क्र. __ पासून ______ वस्तीपर्यंतचा रस्ता (लांबी ___ मीटर, नमुना नं. २३ मधील अ.क्र. __) काँक्रीटीकरण करणे हे काम ______ योजनेतून प्रस्तावित करण्यात येत आहे. सदर काम यापूर्वी अन्य योजनेतून झालेले अथवा मंजूर नाही. जागा वादमुक्त असून काम पूर्ण झाल्यावर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील. सूचक ______, अनुमोदक ______."

मासिक सभेचा ठराव की ग्रामसभेचा? योजना काय मागते ते विचारा. शंका असेल तर ग्रामसभेचा घ्या, कारण जागेवरून किंवा लाभावरून वाद होईल असं काम ग्रामसभेतून गेलेलं बरं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही. त्यामुळे काम पहिल्याच नोटिशीत विषय म्हणून यायला हवं. 'ऐनवेळच्या विषयांत' घेतलेला ठराव विरोधकांच्या एका तक्रारीवर अडकतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशी गावं बरीच आहेत. तिथे सूचक एका बाजूचा आणि अनुमोदक दुसऱ्या बाजूचा घ्या. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पण कोण कुणाचा माणूस हे आमदारांच्या कार्यालयाला पाठ असतं. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा ठराव बघितला की 'हे काम दिलं तर दुसरा गट नाराज होईल' ही धास्ती जाते.

तपासा: ठरावाच्या नकलेवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्का, सभेची तारीख आणि ठराव क्रमांक आहे का? नक्कल तीन प्रतींत घ्या.

## ४. जागेचे कागद

इथे घाई करू नका. माझा स्वतःचा मोठा फटका इथलाच आहे.

आमच्या वस्तीच्या स्मशानभूमीसाठी शेड मंजूर झालं होतं. जागा एका शेतकऱ्याची. आजोबांच्या काळापासून तिथेच दहन होत असल्यामुळे "आमची काय हरकत?" असं त्यांनी चार माणसांत सांगितलं. आम्ही संमतीचा कागद साध्या पानावर घेतला. कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम) आला, ठेकेदारानं खडी टाकली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या पुण्यातल्या भावानं हरकत घेतली. सातबाऱ्यावर पाच नावं होती, सही एकाची. काम थांबलं, मार्च उलटला, पैसे परत गेले. खडी अजून तिथेच आहे, पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळतात.

म्हणून जागेनुसार हे करा:

खाजगी जागा असेल तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांच्या सह्यांनिशी बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा आणि फेरफार होऊन ग्रामपंचायतीचं नाव सातबाऱ्यावर लागलं की मगच प्रस्ताव पुढे न्या. याला तीन-चार महिने सहज जातात. संमतीपत्रावर भागेल असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून लेखी घ्या.

गायरान असेल तर 'गावचीच आहे' असं म्हणून चालत नाही. जमीन शासनाची, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. तहसीलदारांमार्फत मागणी आधी लावा.

वनजमीन असेल, आणि मुळशी, मावळ, भोर, राजगडमध्ये ती असतेच, तर वन हक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, अंगणवाडी अशा सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील, तरच. ही वाट माहीत नसल्यानं कित्येक वाड्या 'वनखातं आडवं येतं' म्हणत बसून राहिल्या.

कालव्याकाठी काम असेल तर जलसंपदा विभागाची नाहरकत लागते. हवेली-दौंड-इंदापूरच्या कालव्यालगतच्या गावांना हे नेहमी आडवं येतं.

पंचायतीची स्वतःची मालमत्ता असेल तर नोंद दाखवा: इमारतीला नमुना नं. २२, रस्त्याला नमुना नं. २३. नोंद नसेल तर आधी ती करून घ्या. रस्ता वर्षानुवर्षं वापरात असतो आणि नोंदवहीत सापडत नाही, हे फार गावांत होतं.

तपासा: सातबारा तीन महिन्यांच्या आतला आहे ना? इतर हक्कांत बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा दावा आहे का? गाव नकाशावर कामाची जागा लाल पेनानं दाखवलीय ना?

## ५. अंदाजपत्रक

शाखा अभियंत्याला जागेवर न्या. सोबत सरपंच आणि एक माहितगार माणूस पुरे. सगळं गाव जमवू नका, नाहीतर मोजणी बाजूला राहते आणि गाऱ्हाणी सुरू होतात.

एक हिशेब स्वतःला यायला हवा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे ४५ घनमीटर. हे गणित आता करून ठेवलंत तर काम चालू असताना ट्रक मोजता येतात. शिवाय दहा लाखांच्या अंदाजपत्रकातले सगळे दहा लाख रस्त्यात पडत नाहीत. जीएसटी, एक टक्का कामगार उपकर, चाचण्यांचा खर्च असं सगळं त्यातूनच जातं. गावात 'दहा लाखांचा रस्ता' अशी दवंडी देण्याआधी लांबी किती ते सांगा.

सावधान: आमदार देतील त्या रकमेत बसवण्यासाठी मोठं काम अर्धवट तोडू नका. ४०० मीटरच्या रस्त्याला २०० मीटरचे पैसे मिळणार असतील तर कुठले २०० मीटर हे ठरावातच ठरवा. नाहीतर रस्ता कुणाच्या तरी बंगल्यापाशी येऊन थांबतो आणि पुढची निवडणूक त्यावर होते.

## ६. वेळ

अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, म्हणून लोक फेब्रुवारीत धावतात. तोवर याद्या झालेल्या असतात. पुढच्या वर्षासाठीचं काम दिवाळीच्या आसपास आमदारांच्या हातात असावं. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तिथे पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मंजुरी) येतात, आणि जिल्हा नियोजनाच्या प्रारूप आराखड्याची चर्चाही हिवाळ्यातच होते. पावसाळी अधिवेशनाच्या आधीचा काळ ही दुसरी संधी.

आचारसंहिता धरून चाला. २०२४ मध्ये लोकसभेची १६ मार्चला लागली, विधानसभेची १५ ऑक्टोबरला. ज्या कामांचे कार्यारंभ आदेश आधी निघाले होते आणि जागेवर काम सुरू झालं होतं, ती चालू राहिली. मंजुरी आणि आदेश यांच्या मध्ये अडकलेली कामं थांबली. वर्षात कुठली निवडणूक आहे ते बघून दोन महिने आधीची तारीख धरा.

## ७. भेट

पाचजण: सरपंच, उपसरपंच, विरोधी पॅनेलचा एक सदस्य, ज्या वस्तीचं काम आहे तिथली एखादी ताई किंवा काकू, आणि कागद सांभाळणारा एक. पाण्याच्या कामाला बाईमाणूस बोललेलं नेहमी जास्त चालतं, कारण त्या लांबी-रुंदी सांगत नाहीत, हंडे सांगतात.

भेटीआधी दोन दिवस स्वीय सहायकाला फोन करा. "दादा, अमुक गावचं एकच काम आहे, कागद पूर्ण आहेत, दहा मिनिटं लागतील." 'कागद पूर्ण आहेत' हे ऐकलं की तोही सावरून बसतो. नंतर फाईल त्याच्याच हातात राहणार आहे, त्यामुळे त्याचं नाव आणि वेळ दोन्ही सांभाळा.

साहेबांसमोर, किंवा ताईंसमोर, बोलायचं एवढंच: काम काय, त्यानं किती घरांना फरक पडतो, कुठल्या लेखाशीर्षातून होऊ शकतं, कागद कुठले तयार आहेत आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. "निधी द्या" असं मोघम बोलू नका. "जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना शिफारसपत्र हवंय" किंवा "२५१५ च्या यादीत हे नाव याच शब्दांत घाला" असं म्हणा. पत्राचा मसुदा टाईप करून न्या, सोबत मोबाईलवरही पाठवा, म्हणजे त्यांच्या लेटरहेडवर घ्यायला पाच मिनिटं लागतात.

फाईलमध्ये वरून खाली: एक पानी गोषवारा, ठरावाची नक्कल, जागेचे कागद, नकाशा, अंदाजपत्रक, दोन फोटो. फोटो पावसातला असेल तर उत्तम.

सावधान: शेजारच्या गावाला काय मिळालं ते काढू नका. मागच्या निवडणुकीतली मतं मोजून दाखवू नका. आणि आमदार विरोधी विचाराचे असतील तरी त्यांना टाळून थेट मंत्र्यांकडे पळू नका; कागद फिरून त्यांच्याच मतदारसंघात येतो आणि तेव्हा मन खट्टू झालेलं असतं. विधान परिषदेचे सदस्यही काम सुचवू शकतात. पुणे विभागात पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे आमदार आहेत. शाळेच्या वर्गखोलीसाठी शिक्षक आमदारांकडे जाणारी पंचायत क्वचितच दिसते.

मुंबईला मंत्रालयात जायची वेळ आली तर दोघंच जा. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरा, प्रवेशपासाची सोय आदल्या दिवशीच करा, आणि मंत्र्यांचा शेरा मिळाला म्हणून गावात पेढे वाटू नका. 'तपासून सादर करावे' याचा अर्थ तपासून सादर करावे एवढाच असतो.

## ८. भेटीनंतरचे नव्वद दिवस

अनुभवी सरपंचही इथे गळपटतात. आमदारांचं पत्र निघालं की काम झालं, असं वाटतं. खरं तर फाईल आत्ता चालायला लागते.

पत्राची पोच घ्या. जावक क्रमांक आमदारांच्या कार्यालयाचा, आवक क्रमांक ज्या कार्यालयात पोहोचलं त्यांचा. वहीत चार रकाने करा: तारीख, कुठलं कार्यालय, कुणाच्या टेबलावर, पुढची तारीख. नियोजन कार्यालयातून पत्र बांधकाम विभागाला जाईल, तिथून उपअभियंत्याकडे, मग अंदाजपत्रक परत वर. मग प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (अभियंत्याची अंदाजपत्रकाला मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक ठिकाणी फाईल स्वतःच्या पायानं पुढे जात नाही, पण तुमच्या दर आठवड्याच्या चकरांनीही जात नाही. पंधरा दिवसांनी एक फोन, महिन्यानं एक चक्कर, बोलणं सभ्य, आणि त्रुटी निघाली की चार दिवसांत पूर्तता. अधिकाऱ्याच्या लेखी तुमचं गाव 'त्रुटी लगेच भरणारं गाव' झालं पाहिजे.

आता ती २५१५ ची गोम. यादी शासन निर्णयात छापली जाते आणि नंतर छापलेल्या शब्दांवरच काम होतं. पुणे जिल्ह्यात वडगाव किती आहेत बघा: वडगाव मावळ, वडगाव रासाई, वडगाव निंबाळकर, वडगाव कांदळी, वडगाव काशिंबेग... यादीत नुसतं 'वडगाव' आलं, तालुका चुकला, 'रस्ता काँक्रीटीकरण' ऐवजी 'रस्ता डांबरीकरण' पडलं किंवा वस्तीचं नाव बदललं, तर खालचा अभियंता ते काम करू शकत नाही. शुद्धिपत्रकासाठी पुन्हा मंत्रालय. त्यात सहा महिने गेलेली गावं मला माहीत आहेत. म्हणून ठराव, आमदारांचं पत्र, अंदाजपत्रक आणि यादी, या चारही ठिकाणी कामाचं नाव शब्दशः एकच ठेवा. यादी संकेतस्थळावर आली की त्याच दिवशी आपली ओळ वाचा.

तपासा: प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत पंचायतीत आहे का? "मंजूर झालंय" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा बॅनर म्हणजे आदेश नाही.

## ९. अडलंच तर सभागृह

फाईल महिनोन्‌महिने एका जागी पडून असेल, किंवा विषय एकट्या गावाचा नसून दहा गावांचा असेल, तर आमदारांना सभागृहात विचारायला सांगा. तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी असते, तिची सूचना अधिवेशन चालू असताना देता येते. प्रश्न लागला की विभाग जिल्ह्याकडून माहिती मागवतो आणि जी फाईल कुणाला सापडत नव्हती ती दोन तासांत सापडते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते.

आमदारांना द्यायची टिपणी एका पानाची हवी: कुठल्या तारखेला काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, आज काय अडलंय. सोबत पत्रांच्या प्रती. सभागृहात आकडा चुकला तर नाचक्की आमदारांची होते, आणि मग तुमच्या गावचा कागद पुन्हा कुणी हातात घेत नाही. एका गटारासाठी हे हत्यार काढू नका. बिचाऱ्या शाखा अभियंत्याला उत्तर लिहीत बसावं लागतं आणि पुढची पाच वर्षं त्याच्याशीच काम असतं.

## १०. नारळ फुटल्यावर

भूमिपूजनाला आमदारांना बोलवा. पत्रिकेवर कुणाकुणाची नावं घालायची हे त्यांच्या कार्यालयाला विचारूनच छापा. पत्रिकेवरून जितकी भांडणं झाली तितकी रस्त्याच्या दर्जावरून झाली नाहीत. आमदार गेल्यावर ठेकेदाराकडून कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. कामाचा फलक लावायला लावा: कामाचं नाव, लेखाशीर्ष, रक्कम, मुदत, ठेकेदार. काँक्रीट पडेल त्या दिवशी दोन सदस्य जागेवर थांबू द्या आणि पाचव्या टप्प्यातलं गणित खिशात असू द्या. खटकलं तर उपअभियंत्याला लेखी कळवा, त्याची प्रत आमदारांच्या कार्यालयाला द्या. फेसबुकवर आधी टाकू नका.

काम संपल्यावर पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत घ्या आणि त्याच आठवड्यात नमुना २२ किंवा २३ मध्ये नोंद करून घ्या: लांबी, वर्ष, योजना, खर्च. मग आमदारांच्या कार्यालयाला दोन ओळींचं पत्र आणि पूर्ण झालेल्या कामाचा फोटो पाठवा. राखीव ठेवलेल्या दुसऱ्या कामाची फाईल त्याच पत्रासोबत न्यायला हरकत नाही, मात्र तिचा सातबारा तोवर जुना झालेला असेल. नवा काढून लावा.